खरवडीचं चित्र

माझा नवरा चित्रं काढतो, हे लग्न ठरवताना आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. हायस्कुलात ड्रॉईंग मास्तर आहे, नोकरी कायमची आहे, घरची भातशेती आहे, एवढं आमच्या घरच्यांना कळलं होतं. ड्रॉईंग मास्तर म्हणजे पोरांकडून आंबा आणि झेंडा काढून घेणारा माणूस, असं आम्ही धरून चाललो होतो.

मी खानापूरकडची. लग्न होऊन रामनगरला आले, तेव्हा धरणाचं पाणी अडवल्याला फार वर्षं झाली नव्हती. पाण्याखाली गावं गेलेली माणसं तिथं नव्यानं घरं बांधत होती. आमचं घर त्या मानानं जुनं, रस्त्याला लागून. पहिल्या दिवशी माप ओलांडून आत आले आणि पडवीच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीशेजारी तीन कांदे दिसले. एक अर्धा सोललेला, त्याची साल खाली लोंबत होती. मला वाटलं, कुणीतरी खुंटीला कांदे अडकवून विसरलंय. जवळ गेल्यावर कळलं, ते चित्र होतं. बरोबर आलेल्या माझ्या मावशीनं ते बघितलं आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "ह्यांच्यात कांद्याला पुजतात काय गं?"

ह्यांना देव काढता येत नव्हते असं नाही. काढायचे नाहीत. गावातल्या बायका येऊन म्हणायच्या, "मास्तर, एक लक्ष्मी काढून द्या की." हे हसून मान हलवायचे आणि दुसऱ्या दिवशी बसून आमच्या उंबऱ्यात पडलेल्या चपला काढायचे. मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, चपला. अंगठा तुटलेला, टाच झिजलेली. तांब्या, विळी, भिंतीला टेकवलेलं इरलं, कागदावर पसरलेले सुके बांगडे, असलंच सगळं. माणसं काढायची तर तीही अशीच, आपापल्या कामात बुडालेली. मामा पेंढ्या बांधताना तोंड उघडं टाकायचे, त्यांना दात नव्हते. ह्यांनी ते तसंच काढलं. मामांनी चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मी मेल्यावर ह्योच फोटू लावा. पावणं घाबरून लवकर जातील."

पण सगळ्यांना मामांसारखं हसता यायचं नाही. कॅसलरॉकच्या गाडीनं गोव्याकडची सुकी मासळी घेऊन एक बाई आमच्या गावात यायची. तिला ह्यांनी अंगणात बसवून काढलं. टोपली पुढ्यात, पाय पसरलेले, कपाळावर घाम. ती दोन खेपा येऊन हौसेनं बसली. चित्र पुरं झाल्यावर तिनं आपले हात बघितले आणि म्हणाली, "मास्तरा, हांगा भांगराची कांकणां घाल रे." सोन्याच्या बांगड्या काढ, म्हणत होती.

"तुमच्या हातात काचेच्या आहेत," हे म्हणाले.

"काचेची आसात म्हूण तर सांगता."

ह्यांनी सोन्याच्या काढल्या नाहीत. त्यानंतर ती आमच्या दारावरून जाताना टोपली डोक्यावरून उतरवायची नाही. मला तेव्हा ह्यांचा राग आला. दोन पिवळ्या रेघा ओढल्या असत्या तर काय बिघडलं असतं, असं मी बोलूनही दाखवलं.

"मग ते चित्र तिचं राहिलं नसतं," हे म्हणाले.

मला ते पटलं नाही, पण ह्यांच्यापाशी चित्रावरून वाद घालण्याइतकं मला कळत नव्हतं. माझं चित्र काढायचं म्हणून ह्यांनी लग्नानंतर लगेच विचारलं होतं आणि मी सरळ नको म्हणाले होते. आमच्याकडं भिंतीवर बाई लागते ती देवी तरी असते नाहीतर मेलेली तरी. हे म्हणाले, "बरं." पुन्हा विचारलं नाही. मी निश्चिंत झाले.

आता आमच्या जेवणाचं सांगते. घरात आधी मामा, हे आणि शेतावरचा गडी असे पडवीत बसायचे. मग आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, आत चुलीजवळ ताट घेऊन बसायच्या. सगळ्यांत शेवटी मी. हे कुणी ठरवलेलं नव्हतं, माझ्या माहेरीही तसंच होतं. भात उकड्या तांदळाचा, जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, मोठ्या तपेल्यात शिजवलेला. खाली त्याची जाड, तांबूस खरवड धरायची. आत्ती जेवून मागच्या खोलीत आडव्या झाल्या की मी मागचं दार थोडं उघडं ठेवायची, जमिनीवर बसायची, डावा पाय लांब सोडायची, तपेलं मांडीवर तिरकं घ्यायची आणि हातानंच खरवड काढून त्यावर ताक नाहीतर आमसुलाचं सार ओतून खायची. ताट घ्यायची नाही. ताट घेतलं की घासायला आणखी एक भांडं.

खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. छपरात एक काचेचं कौल होतं, त्यातून ऊन सरळ माझ्या पुढ्यात पडायचं. दिवसभरात तेवढा एकच वेळ मला कुणी हाक मारायचं नाही. पदर खांद्यावरून घसरला तरी चालायचा. बोटं चाटली तरी चालायची. कुणी बघत नाही, हेच त्यातलं सुख होतं. बहुतेक दिवशी पोटभर असायचं. उळवीच्या जत्रेच्या दिवसांत मात्र बैलगाड्यांनी जाणारे पाहुणे आमच्याकडं टेकायचे, तेव्हा तपेल्यात नुसती खरवडच उरायची, आणि तीही पातळ. पण ते दिवस थोडे. मी त्याचा कधी हिशेब ठेवला नाही.

शनिवारी शाळा सकाळची असायची. हे दुपारी शेताच्या बांधावरून मागच्या बाजूनं यायचे. त्यांतल्या कुठल्या शनिवारी हे दाराशी थांबले आणि किती वेळ थांबले, मला कधीच कळलं नाही. मी वर बघितलंच नव्हतं. गोठ्यावरच्या माळ्यावर हे रंगाचं काम करायचे. त्या उन्हाळ्यात हे तिथंच जास्त बसू लागले. मी चहा घेऊन शिडीशी गेले की वरूनच हात खाली करून कप घ्यायचे. मला वाटलं, काहीतरी मोठं चाललंय, झाल्यावर दाखवतील.

ते दाखवायचं राहून गेलं. बेळगावात शाळामास्तरांच्या चित्रांचं एक प्रदर्शन होतं. तिथं पाठवायला ह्यांनी चित्र पोत्यात गुंडाळलं, सुतळीनं बांधलं आणि एसटीच्या टपावर चढवून घेऊन गेले. परत आले ते खुशीत. चित्र पहिल्या दालनात, दारासमोर लावलंय, म्हणाले. माझा थोरला भाऊ रताळी घेऊन बेळगावच्या बाजारात जायचा. हे वाटेत त्यालाही सांगून आले होते, सवड काढून बघून या म्हणून.

भाऊ बघून आला. आणि तिथून घरी न जाता आमच्याकडं आला.

मी मागच्या अंगणात भांडी घासत होते. पुढं कुणाचा तरी आवाज आला, तो दादाचा आहे हे कळायला मला वेळ लागला, कारण तो असा कधी बोलत नसे. हात पुसून मी माजघराच्या दारामागं जाऊन उभी राहिले. दादा पडवीच्या पायरीवर बसला होता, आत आला नव्हता. आत्तीनं पाणी पुढं केलं होतं.

"पाणी ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आधी एक सांगा. माझी भन तपेलं खरवडून का जेवत्या?"

आत्तीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. त्यांना काहीच कळलं नाही. मलाही नाही. मामा म्हणाले, "काय झालंय पावणं? नीट बसा, सांगा."

"मी काय सांगू? तुमच्या लेकानं बेळगावात टांगून ठेवलंय. रांग लावून लोकं बघालीत."

मग त्यानं सांगितलं. दारातून आत गेलं की समोरच मोठं चित्र. एक बाई भुईवर बसलीय. जुनं लुगडं, पदर घसरलेला. तपेलं मांडीवर. मान खाली, तोंड दिसत नाही, पण कोपराखाली विळ्याचा वण आहे. तो वण त्याच्याच हातून झाला होता, आम्ही लहान असताना गवत कापायला गेलो होतो तेव्हा. आणि चित्राखाली मास्तरांचं नाव, गावाचं नाव.

"माझ्यासंगट गावातली चार माणसं हुती," दादा म्हणाला. "एकानं इचारलं, ही तुमच्या पावण्याच्या घरातली मोलकरीन काय?"

हे तोवर शाळेतून आले होते आणि अंगणात उभं राहून ऐकत होते. सायकल हातातच होती. पुढं होऊन म्हणाले, "दादा, ते चित्र आहे हो. त्यात तसलं काही नाही."

"चित्र हाय म्हणूनच इचारतोय. खोटं काढलंय म्हणून सांगा. मी आत्ता उठून जातो, पुन्हा नाव काढत न्हाई."

मी दारामागून बघत होते. हे खोटं म्हणतील असं मला वाटत होतं. म्हणावं असंही वाटत होतं. आत्ती मान वर करून लेकाकडं बघत होत्या, त्याही तेवढ्याचीच वाट बघत होत्या. ह्यांनी सायकल भिंतीला टेकवली.

"खोटं नाही," हे म्हणाले.

दादानं मग दाराकडं तोंड करून हाक मारली. "बाय, भाईर ये." मी डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आले. "सगळ्यांच्या म्होरं सांग. तुला हितं पोटभर मिळतंय का?"

काय सांगायचं होतं मी? मिळतं म्हणावं तर माझ्या नवऱ्यानं बेळगावात जाऊन खोटं टांगलं असं होणार होतं. नाही म्हणावं तर आत्तीच्या तोंडाला काळं. आणि मला खरवड आवडते, उन्हात एकटीनं बसून खायला आवडते, हे चार माणसांत, भावासमोर, सासऱ्यासमोर कुठल्या तोंडानं सांगायचं? मला एवढंच कळत होतं की माझा घसरलेला पदर, माझी बोटं, माझा पसरलेला पाय आता सगळ्या बेळगावानं बघितलाय. मी ते चित्र अजून बघितलंही नव्हतं आणि अंगावरचं कापड कुणी ओढून घेतल्यासारखी मी उभी होते.

"मिळतंय," मी म्हणाले. पण ते इतक्या बारीक आवाजात आलं की त्याचा अर्थ उलटाच झाला.

दादा उठला. "चार दिस म्हायेराला नेतो," म्हणाला. आत्ती आत गेल्या. मला वाटलं, त्या आता बाहेर येणार नाहीत. पण त्या सुपात तांदूळ, नारळ आणि खण घेऊन आल्या. माझी ओटी भरताना मला म्हणाल्या, "माझ्या दारातनं मोकळी गेलीस असं नको व्हायला." दादाकडं त्यांनी बघितलं नाही.

माहेरी पोचेपर्यंत आमच्या गल्लीला सगळं कळलेलं होतं. आईनं मला जवळ घेतलं आणि माझे दंड दाबून बघितले, वाळलेय का म्हणून. मी वाळले नव्हते. उलट लग्नानंतर जरा भरलेच होते. शेजारच्या बायका येऊन बसल्या आणि माझ्याकडं अशा बघत होत्या, जशी मी दुखण्यातून उठलेय. दादानं जेवताना मला आपल्या पंगतीला बसवलं, शेजारी. तो स्वतः माझ्या ताटात तूप ओतत होता. मी घास उचलला की सगळ्यांचे डोळे माझ्या तोंडाकडं. भूक असून मला गिळवेना.

जेवण झाल्यावर मी ताट उचलून आत गेले. आई बाहेर सुपारी कातरत होती. चुलीपाशी माझी वैनी, दादाची बायको, भिंतीकडं तोंड करून बसली होती. तपेलं मांडीवर, एक पाय लांब. मला बघितलं आणि तिनं तपेल्यावर पदर ओढला. मी ताट खाली ठेवलं आणि तिथंच उभी राहिले.

दादा ताक मागायला माझ्या मागोमाग आला होता. तो चुलीजवळ सहसा यायचा नाही, पण त्या दिवशी मला काय हवं-नको ते तो स्वतःच बघत होता. त्यानं बायकोला बघितलं.

"तू असं का जेवालीस?" त्यानं विचारलं.

वैनी घाबरली. तिला वाटलं, तिच्याकडून काहीतरी चुकलं. "काय झालं? ताट कशाला खरकटं करायचं म्हणून..." ती म्हणाली.

बाहेरून आईनं ऐकलं. ती सुपारी तशीच ठेवून आत आली. दादाकडं बघितलं, वैनीकडं बघितलं, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "समद्या अशाच जेवत्यात रे. मी बी अशीच जेवत हुतो. तू कवा बघितलं नसशील."

दादा ताक न पिता बाहेर गेला. मला त्याची लाज बघवेना. त्याच दिवशी माझ्या सासरच्या पायरीवर तो ज्या आवाजात बोलला होता, तो आवाज त्याच्याही कानात असणार. वैनी तपेलं बाजूला सारून म्हणाली, "मला कळालंच न्हाई, काय झालं ते." मी तिच्याजवळ बसले.

चार दिवस म्हणून नेलेल्या मला दादानं दुसऱ्याच दिवशी परत आणलं. रामनगरला उतरल्यावर पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "तू जा. मी येत न्हाई घरापातूर."

"चहा तरी घेऊन जा," मी म्हणाले.

"कुठल्या तोंडानं येऊ, बाय?" परतीच्या गाडीला अजून अवकाश होता, पण तो स्टँडच्या पलीकडं जाऊन पाठ करून उभा राहिला.

घरी आले तर वेगळंच घडत होतं. आत्ती माझ्याशी वाईट वागल्या नाहीत. वागल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला नंतर वाटलं. दुसऱ्या दिवशी स्वैपाक झाल्याबरोबर त्यांनी पडवीत पाट मांडला, रस्त्याकडं तोंड करून. ताट वाढलं. भाताची मूद, वर तूप, लोणचं, तळलेला बांगडा. आणि मला म्हणाल्या, "बस."

"मामा जेवू देत की आधी," मी म्हणाले.

"त्यांचं मी बघतो. तू बस."

मी बसले. त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. पाणी आणायला जाणाऱ्या बायका कळशा घेऊन रस्त्यानं चालल्या होत्या. त्यांतली एक थांबली. "काय आक्का, आज सून भाईर जेवालीय?"

"व्हय," आत्ती मोठ्यानं म्हणाल्या. "आमच्यात सूनच आधी जेवत्या."

बायका एकमेकींकडं बघत पुढं गेल्या. थोड्या अंतरावर गेल्यावर त्यांचं हसू ऐकू आलं. मामा पडवीच्या कोपऱ्यात बसले होते, ते उठून गोठ्यात गेले. आत्ती हलल्या नाहीत. मी घास चावत होते आणि तो संपत नव्हता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. बांगडा बदलायचा, पाट तिथंच. रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्यांनी मला जेवताना बघायचं आणि आत्तीनं त्यांना बघायचं. मी चित्रातून सुटले नव्हते, नुसती आतून बाहेर आणून बसवली गेले होते. एकदा मी ह्यांना म्हणाले, "त्यांना सांगा ना." हे म्हणाले, "मी कुठल्या तोंडानं सांगू?" दादाचेच शब्द. आत्ती ह्यांच्याशी बोलत नव्हत्या. ताट वाढायच्या, पण हे बसले की उठून जायच्या.

प्रदर्शन संपलं आणि हे चित्र घेऊन परत आले. बक्षीस वगैरे मिळालं होतं की नाही, मी विचारलं नाही, ह्यांनी सांगितलं नाही. पोतं तसंच गुंडाळलेलं घेऊन हे मागच्या दारानं माळ्याकडं निघाले होते. आत्तीनं अंगणात अडवलं.

"सोड ते," त्या म्हणाल्या. "समद्या मुलखानं बघितलं. मी बी बघतो."

ह्यांनी सुतळी सोडली. पोतं काढलं आणि चित्र गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं. मीही तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

मला वाटलं होतं त्याहून ते मोठं होतं. छपरातून आलेलं ऊन तपेल्याच्या काठावर पडून पांढरं झालं होतं. तपेल्याचा पोचा, चुलीची राख, भुईवर सांडलेलं शीत, सगळं होतं. मधे ती बाई. मान इतकी खाली की केसांचा भांगच दिसावा. पसरलेल्या पायाची टाच आपल्याकडं, भेगाळलेली. बोटं तपेल्यात. ती मी होते आणि मला ती ओळखू आली नाही. मी स्वतःला एवढी दमलेली कधी समजले नव्हते. ते दुपारचं ऊन, तो निवांत वेळ, तोंडातली कुरकुरीत खरवड, ह्यातलं काही त्या चित्रात मला सापडलं नाही. आणि तरी त्यात खोटं एकही नव्हतं. मला तिथून निघून जावंसं वाटलं. जाता आलं नाही, कारण आत्ती चित्रापुढं खाली बसल्या होत्या.

"हे माझं लुगडं," त्या म्हणाल्या.

होतं खरं. इरकली, विटून गेलेलं. घरात नेसायला त्यांनीच मला दिलं होतं.

"पाय बी माझाच," त्या म्हणाल्या. "डावा. असाच सोडायचो मी. गुडघा दुकायचा." बोट चित्राला लागू न देता त्यांनी तो पाय दाखवला. मग लेकाकडं वळून, कितीतरी दिवसांनी, त्याच्याशी बोलल्या. "माझं काढलंय म्हणून सांगायचं हुतंस की रे. तोंड कुठं दिसतंय हितं. माझं हाय म्हणला असतास तर कोन इचारायला येनार हुतं? माझा भाऊ कवाच गेला."

हे गोठ्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "मला तपेल्यावरचा उजेड दिसला. तो बघत मी थांबलो."

"आनि ही?" आत्तीनं माझ्याकडं बघून विचारलं.

"ही त्या उजेडात बसली होती."

"जेवली का, म्हणून इचारलंस?"

ह्यांनी मान हलवली. नाही. मी ह्यांना रडताना त्याआधी बघितलं नव्हतं. मामा गोठ्यात वैरण घालत होते. ते आतच थांबले, म्हशीच्या पलीकडं, आम्ही सगळे घरात जाईपर्यंत.

त्या दिवसानंतर पडवीतला पाट उचलला गेला. मी आणि आत्ती आत, चुलीजवळ, दोन ताटं घेऊन एकत्र बसू लागलो. तांदूळ मूठभर जास्त पडू लागला. सुरुवातीला आम्हाला एकमेकींसमोर खाताना अवघड व्हायचं. दोघी भिंतीकडं बघत जेवायचो. खरवड उरायची ती आत्ती ताकात कालवून म्हशीला घालायच्या. मला ती हवी असायची, पण मागायचं धाडस मला झालं नाही.

ह्यांनी चित्र जाळून टाकतो म्हटलं होतं. आत्ती नको म्हणाल्या. ते माळ्यावर भिंतीकडं तोंड करून राहिलं. त्यानंतर पुष्कळ दिवस ह्यांनी माणसं काढली नाहीत. वस्तूच काढायचे, त्याही विचारून. "हे सूप काढू का?" असं एकदा मला विचारलं, तेव्हा मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. सुपाला कोण भाऊ येणार होता?

मग एकदा आत्तीच म्हणाल्या, "आता सांगून काढ. आमी दोघी जेवालोय असं काढ." त्यासाठी त्यांनी सणासारखा स्वैपाक केला. केळीची पानं आणली. दोघींनी ठेवणीतली लुगडी नेसली, केसात अबोली माळली. हे समोर बसले. पानात सगळं वाढलेलं, हात पानाला लावून आम्ही ताठ बसलो. हलायचं नाही. भात थंड झाला, तूप थिजलं, माश्या येऊ लागल्या. उन्हं कलेपर्यंत आम्ही पोटभर जेवताना दिसावं म्हणून उपाशी बसलो होतो. आत्ती मधेच हळू म्हणाल्या, "भूक लागली गं." आणि मी ओठ न हलवता म्हणाले, "मला बी."

ते चित्र पडवीत लागलं. गावात त्याचं फार कौतुक झालं. आत्ती येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायच्या. त्यात आम्ही दोघी फोटो स्टुडिओतल्या पुतळ्यांसारख्या दिसतो. ते वाईट चित्र आहे हे मलाही कळत होतं, आणि ह्यांना तर कळत होतंच. त्यावर ह्यांनी सही केली नाही. चित्रं काढणारे कुणी ओळखीचे बेळगाव-धारवाडकडून आले की हे त्या भिंतीकडं पाठ करून उभे राहायचे आणि त्यांना अंगणात घेऊन जायचे. त्यांची ती धडपड बघताना मला माझीच लाज वाटायची. आमच्यासाठी ह्यांनी ती भिंत खराब करून घेतली होती.

दादा पुष्कळ दिवस आला नाही. राखीलाही मीच गेले. शेवटी उळवीच्या जत्रेला जाताना त्याची गाडी आमच्या दारावरूनच जाणार होती, त्याला दुसरी वाट नव्हती. वैनी बरोबर होती. मामांनी रस्त्यात जाऊन बैलांचा कासरा धरला आणि गाडी अंगणात घेतली. दादा उतरला, मान खाली घालून. आत्तीनं पाणी दिलं. ह्या वेळी त्यानं घेतलं.

जेवणाची वेळ झाली आणि कुठं बसायचं हे कुणालाच कळेना. पडवीत पुरुषांची पानं मांडावीत तर आत बायका मागं राहणार, आणि सगळ्यांना तेच आठवणार. हे उभे, दादा उभा, मामा उगीच बैलांना पाणी दाखवायला गेले. शेवटी आत्ती म्हणाल्या, "सगळी आतच या."

आमची चुलीची खोली लहान. धूर कोंडलेला. आम्ही सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसलो, दादा दाराशी, हे तांदळाच्या कणगीला टेकून. आत्ती वाढायच्या आणि मधेच आपला घास घ्यायच्या. कुणी कुणाकडं बघितलं नाही. वैनी माझ्या शेजारी होती. तिचं पान रिकामं झालं, तशी ती थोडा वेळ थांबली, आणि मग सगळ्यांदेखत, मान वर न करता म्हणाली, "थोडा भात."

आत्तीनं वाढला.